हँगरमधली तिसरी जागा

पार्सालोईची आणि माझी गाठ घालून दिली ती गारांनी.

मी नान्युकीहून परतत होते. आमच्या तिमाऊ गावच्या धावपट्टीला चाकं टेकली न टेकली, तोच पाठीमागून टप्... टप्... टपाटप सुरू झालं. बटाट्याएवढ्या गारा म्हटलं की लोक हसतात. पण मी बटाट्याचं बियाणं पिकवते, मला आकार कळतो. चांगल्या पेरणीजोग्या होत्या! माझी पिवळी म्हणजे बाबांच्या वेळचं दोन माणसांचं विमान, अंगावर पत्रा नाही, ताणलेलं कापड. गारेला त्यात भोक पाडायला कितीसा वेळ? आणि त्या सबंध पट्टीवर आडोसा एकच, किरिमी आजोबांचं जुनं हँगर. त्याच्या दारातून आधीच कुणीतरी एक निळं विमान शेपटीकडून आत ढकलत होतं.

"ओ! अजून आत घ्या की! मलाही यायचंय!" मी ओरडले.

"जागा नाही!"

"जागा नसते हो, करावी लागते!"

तो वळला. उंच, शिडशिडीत, चिंब भिजलेल्या बगळ्यासारखा. माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "मग बघत काय राहिलात? पंखाच्या टोकाशी उभ्या राहा आणि बोला."

हे बोलणं म्हणजे आम्हा विमानवाल्यांचा नेम. ढकलणाऱ्याला आपल्या पंखाचं टोक दिसत नाही. टोकाशी उभं राहणारा त्याचे डोळे होतो. "आहे... आहे... आहे..." म्हणजे अजून जागा आहे. "बस!" म्हणजे थांब. मी त्याला आत घातलं, त्यानं मला. दोघांचेही पंख उंच, म्हणून एकाचा पंख दुसऱ्याच्या वर-खाली सरकायची सोय नाही. त्याची निळी पार मागच्या भिंतीशी, माझी पिवळी दाराशी आणि मध्ये वीतभर अंतर. डावी भिंत सगळी फवारणीच्या जुन्या पिंपांनी अडवलेली. वर पत्र्यावर गारांचा असा धिंगाणा, की एकमेकांच्या कानाशी बोलावं लागत होतं.

"गात्विरी," मी म्हटलं.

"पार्सालोई. रानातल्या जनावरांचा डॉक्टर."

"मग माझ्यापासून लांब उभे राहा. मी माणसांत मोडते."

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

तो हसला तेव्हा त्याच्या भुवईवर एक बारीक गार विरघळत होती. ती गालावर ओघळेपर्यंत मी बघतच राहिले. झालं... तिथंच माझं काम तमाम झालं होतं.

किरिमी आजोबांनी हँगर आम्हा दोघांना निम्म्या-निम्म्या भाड्यानं दिलं. गारांच्या दिवशी जसे घुसलो होतो तसेच राहिलो, तो आत आणि मी दाराशी. साहजिकच त्याला उडायचं असलं की आधी माझी पिवळी बाहेर काढायला लागे. गव्हापलीकडे माझं घर. उजाडलं की फोन.

"शेतकरीणबाई, तुमची रानम्हैस दारातून हलवा."

"रानम्हैस तुमची. माझी हरिणी आहे. येते."

तोंडानं कुरकुर आणि पायांत चपला आधीच! कधी मी गरम मंदाझी, म्हणजे आमचे गोड तळलेले वडे, पदराआड... म्हणजे जाकिटाच्या खिशात घालून नेई. तो आदल्या दिवशीच्या गोष्टी सांगे. कुठल्या गेंड्यानं त्याला झाडावर चढवलं, कुठल्या जिराफानं लाथ मारली. मी म्हणे, "जिराफाला माणसाची पारख आहे." तो म्हणे, "तुझ्याइतकी नाही." मग तो उडून जाई आणि मला दिवसभर बटाट्यांत लक्ष लागत नसे.

एकदा मी विचारलं होतं, "ही पिंपं हलवली तर आपण दोघं शेजारी-शेजारी मावू. मग मला पहाटे पळायला नको."

"आजोबांची आहेत. हात लावू देत नाहीत," तो म्हणाला. "विचारलंय मी."

मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणाला तेव्हा बरंच वाटलं होतं.

अशी तीन वर्षं गेली. दोघंही बोलण्यात एकमेकांना हार जात नव्हतो, पण जे बोलायला हवं तिथं घोडं पेंड खात होतं. तो आज बोलेल, उद्या बोलेल... आणि मी? मी तर काय, भांडायला सांगा, रात्रभर भांडेन.

आणि मग आली इफ्रा.

झालं असं, की आजोबांनी छप्पर नवं घातलं आणि भाडं वाढवलं. दोघांच्या खिशाला ते झेपेना. तिसरा वाटेकरी शोधायचं ठरलं. मी आपली समजत होते, कुणी निवृत्त, मिशाळ, दम्याचा म्हातारा येईल. आली ती इसिओलो गावची इफ्रा. उंटिणीच्या दुधाचा धंदा, डोक्याला मोरपंखी रुमाल, हसली की रुमालाची कडा दातांत धरायची लकब. आणि तिचं विमान... पांढरंशुभ्र, चार जागांचं, बसक्या पंखांचं.

आता बसके पंख उंच पंखांखाली अलगद सरकतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी पिवळी दारात, येण्याजाण्याच्या वाटेवर, तिच्याशी कुणाला बिलगता येणार नव्हतं. राहिली निळी. पार्सालोईनं पांढरीला हळूहळू ढकललं. तिचा पंख त्याच्या पंखाखाली असा बसला, की जणू मापच घेतलं होतं.

"वा! काय जोडा जमलाय!" किरिमी आजोबा काठी आपटून म्हणाले.

चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा माझ्या हातात होता. म्हाताऱ्या माणसावर हात उगारू नये म्हणतात, म्हणून तो खाली ठेवला.

तीन वर्षं आम्ही वीतभर अंतर राखून उभे, आणि ही बाई पहिल्याच दिवशी पंखाखाली!

दुसऱ्या दिवसापासून पहाटे तिघं. आधी माझं विमान काढायचं, मग तिचं, मग त्याचं. ती थर्मास भरून चहा आणायची, उंटिणीच्या दुधाचा, वेलची घातलेला. माझ्याकडे चहाला नाक मुरडणारा हा माणूस तिथं म्हणाला, "अजून अर्धा कप मिळेल?"

"दूध कुणाचं आहे विचारलंस?" मी म्हटलं.

"उंटिणीचं. मी डॉक्टर आहे, मला चालतं."

"हो ना. तुला काय, चार पायांचं सगळंच चालतं."

इफ्रा रुमाल दातांत धरून हसली. "मला दोनच पाय आहेत हो, बाई."

सुंदर होती, वर विनोदही कळत होता! अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाड्याचा तिसरा हिस्सा होणार हे मला ठाऊक होतं. पहाटेचाही होईल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी उन्हं कलल्यावर तो सांबुरूच्या रानातून परतला. पिवळी आणि पांढरी बाहेर उभ्या होत्या, आता निळी आत घालायची होती. तो नाकाशी, इफ्रा पंखाच्या दांड्याला हात लावून ढकलायला आणि मी टोकाशी.

"आहे..." मी म्हटलं.

इफ्रा त्याच्याकडे वाकून काहीतरी पुटपुटली.

"आहे..."

तो हसला. तेच ते हसू, भुवई उचलून, मान मागं टाकून. मला वाटत होतं, ते तेवढं माझ्या एकटीच्या वाट्याचं आहे.

"आहे..." माझं तोंड म्हणत होतं. डोळे मात्र तिथं नव्हते.

कर्रर्र!

दाराच्या लोखंडी खांबावर पंखाची मागची हलती फळी चांगली दुमडली होती. तिच्याशिवाय विमान वळत नाही. म्हणजे उडणं बंद.

"गात्विरी," तो हळूच म्हणाला, "तू बघत होतीस ना?"

"बघत होते."

"कुठं?"

इफ्रा रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. ढकलणाऱ्याची चूक नसते, पंखाशी उभं राहणाऱ्याची असते, हा आमचा नियम. दुरुस्ती माझ्या माथी, त्याचं काही वाटलं नाही. पण नवी फळी नैरोबीहून यायला आठवडा लागणार होता आणि तिकडे सांबुरूत फासाच्या तारेनं पाय कापलेला एक हत्ती रोजच्या मलमपट्टीची वाट बघत होता.

"माझी पिवळी ने," मी म्हटलं.

"औषधाच्या पेट्या, बंदूक, मदतनीस... दोन जागांत कसं मावायचं?"

"माझ्यात चार जागा आहेत," इफ्रा म्हणाली. "मी नेईन की रोज."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मी माझ्या हातानं, म्हणजे माझ्या डोळ्यांनी, त्याला तिच्या विमानात बसवला होता.

मग रोज सकाळी ते दोघं आकाशात आणि मी बटाट्यांत. पांढरं विमान शेतावरून जाताना एकदा पंख हलवून रामराम करायचं. कोण हलवत होतं, ती की तो, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी कुणालाच हात केला नाही. संध्याकाळी तो कौतुकानं सांगायचा, "इफ्रानं आज कोरड्या नदीच्या वाळूत विमान उतरवलं. काय हात आहे तिचा!"

"बघितलेला दिसतोय नीट," मी म्हणे. त्याला टोमणा कळत नसे. किंवा कळून तो हसत असे, आणि ते जास्त लागत असे.

रात्री अंथरुणात मी स्वतःला समजावी. अगं, तुझा काय हक्क? त्यानं कधी शब्द दिला? तू कधी मागितलास? पण पोटात मिरची पडल्यावर शहाणपण काय कामाचं. रोज पहाटे उठून, स्वतःच्या हातांनी दार उघडून, त्या दोघांना वाट करून द्यायची? एवढं मोठं काळीज माझ्याकडे नाही.

मी आजोबांना सांगून टाकलं, "महिनाअखेर माझी जागा सोडते. पिवळी नान्युकीला ठेवीन."

पार्सालोईला ते कळलं तेव्हा तो खांद्यावरची पेटी खाली ठेवायचंही विसरला.

"का?"

"दगदग होते. रोज पहाटे दुसऱ्याच्या विमानासाठी धावायचं... किती वर्षं?"

"दगदग..." तो स्वतःशीच म्हणाला. मग पेटीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "हो. बरोबर आहे तुझं. जा."

जा! भांडला असता, चिडला असता, निदान 'थांब' एवढं तरी म्हणाला असता! गेंड्याशी झुंजणारा हा माणूस माझ्यासाठी एक शब्द झुंजला नाही. घरी येऊन मी इतके बटाटे सोलले, की आईनं सुरी काढून घेतली.

दोन दिवसांनी दुपारी इफ्रा शेतावर हजर. येऊन थेट पोत्यांवर बसली.

"तू जाऊ नकोस," म्हणाली. "तू गेलीस तर मला निम्मं भाडं भरावं लागेल. माझ्या उंटिणी तेवढं दूध देत नाहीत."

"दुसरं कुणीतरी मिळेल."

"पहाटे पळायला लागतं म्हणून जातेयस ना? ते मी सोडवलंय. पिंपं हलवायची. तू आणि तो शेजारी-शेजारी, आणि मी तुझ्या पंखाखाली. ज्याला हवं त्यानं उठावं, उडावं."

"आजोबा हात लावू देत नाहीत."

"कोण म्हणालं? मी आज सकाळीच विचारलं. केव्हाही फेका म्हणाले, रिकामी आहेत." तिनं एक बटाटा उचलून रुमालाच्या कडेला पुसला. "फक्त म्हणाले, डॉक्टरला विचार. त्या कोपऱ्याचं भाडं तो देतो."

मी हातातलं पोतं तसंच धरून उभी राहिले.

"कुठल्या कोपऱ्याचं?"

"पिंपांच्या. वेगळं भाडं, पहिल्यापासून. आजोबा ती काढायला निघाले होते तेव्हा यानं हातापाया पडून ठेवायला लावली म्हणे. त्यांना वाटतं, डॉक्टर जरा येडा आहे."

दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. मी पोतं खाली ठेवलं.

"एक सांगू?" इफ्रा म्हणाली. "माझा डोळा होता त्याच्यावर. खोटं कशाला बोलू? चहा काही मी आजोबांसाठी उकळत नव्हते. पण रिकाम्या पिंपांचं भाडं भरणारा माणूस... तो दुसऱ्याचा झालेला असतो गं. माझ्याच्यानं त्याला काय पळवणं होणार?"

हे म्हणताना ती हसली नाही. मला पहिल्यांदाच तिच्यासाठी वाईट वाटलं. तिला चहा विचारायचंही मला सुचलं नाही, मी तशीच गव्हातून धावत सुटले.

नवी फळी बसवून झाली होती. कारागीर निघून गेला होता आणि पार्सालोई पंखाखाली एकटाच उभा राहून ती वर-खाली हलवून बघत होता.

"ही पिंपं कुणाची?" मी दारातूनच विचारलं. धाप लागली होती.

त्याचा हात थांबला. "आजोबांची."

"आणि भाडं?"

त्याचे कान हलके हलके तांबूस-काळे होत गेले.

"...आजोबा बोलले?"

"इफ्रा."

"बाई हुशार आहे, मी म्हणतच होतो."

"तिचं कौतुक पुरे! मला उत्तर दे."

"काय देऊ?" तो म्हणाला. "गारांनंतर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. पिंपं हलली की तू तुझी, मी माझा. मग तुला बोलवायचं कशाच्या जोरावर?"

"फोन करून ये म्हणायचं! लोक म्हणतात!"

"लोकांना जमतं. मी आयुष्यात कुणाच्या जवळ भूल दिल्याशिवाय गेलो नाहीये, गात्विरी."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम आलं की चेहरा फार वेडावाकडा होतो, तो मी लपवला नाही.

"मग परवा 'जा' म्हणालास ते?"

"तू दगदग म्हणालीस. मी त्याला आपली पहाट समजत होतो... तुला ती दगदग होती. लाज वाटली मला. माझ्या हौसेपायी तीन वर्षं तुला गारठ्यात पळवलं असं वाटलं."

"चपला घालूनच झोपत होते मी, गाढवा!"

हळूहळू त्याची ती भुवई वर गेली.

"एक मिनिट. मग ही फळी कशी वाकली?"

"मी बघत नव्हते म्हणून."

"बघत होते म्हणालीस."

"बघत होते. तुझ्याकडे. तिच्याशी हसत होतास, असा मान टाकून... एवढं काय सांगत होती ती?"

"ती?" त्यानं तोंडावर हात धरला. "म्हणाली, पंखाशी उभी आहे ती बाई माझ्याकडे अशी बघतेय, की एवढ्यात हँगर पेट घेईल."

"आणि तू हसलास!"

"मग? तीन वर्षांत पहिल्यांदा आशा वाटली. तू जळत होतीस?"

"चुलीसारखी. दात काढू नकोस."

"नाही काढत," म्हणाला आणि तो सगळे दात काढून हसला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मध्ये आता वीतही नव्हती. त्याच्या हाताला तेलाचा वास होता आणि अंगाला रानाचा.

"नीट ऐक," मी म्हटलं. "छप्पर तिघांत. विमा तिघांत. हवा भरायचा पंप, झाडू, किटली, सगळं तिघांत. उंटिणीचा चहा पी, माझी ना नाही, मीही पिईन. पण तुझे हिस्से मी करू देणार नाही. तू मला अख्खा पाहिजेस."

"अख्खा म्हणजे... शेणाच्या बुटांसकट?"

"बूट बाहेर."

त्यानं माझा हात धरला. हत्तीच्या पायावरची पट्टी सोडताना धरत असेल तसा, फार जपून.

"पिंपं काढावी लागतील मग," तो म्हणाला. "इफ्रा आता सोडायची नाही. आणि... पिंपं गेली की पहाटे तुला बोलवायला मला निमित्त काय?"

"आधी मागणीची रीत म्हणून मिर्राच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी घेऊन माझ्या काकांकडे ये. चार वडीलधारे बरोबर आण. रीतसर."

"येतो. आणि मग?"

"मग बोलवायचं कशाला?" मी म्हटलं. "नुसतं उठवायचं."